नाव दाहाचं, काम आईचं : उंदराच्या अंडपेशीतल्या 'मेटर' जनुकाची गोष्ट

एक उंदरीण आहे. दिसायला धडधाकट. तिचे अंडाशय व्यवस्थित आहेत, ठरल्या वेळी अंडपेशी बाहेर पडतात, नराशी समागम होतो, फलनही होतं. फलित अंड्याची एकाची दोन पेशी होते. आणि तिथंच सगळं थांबतं. दोनाच्या चार पेशी होत नाहीत. एकदा नाही, दोनदा नाही, प्रत्येक वेळी. बाहेरून पाहिलं तर या उंदरिणीत काहीच खोट सापडत नाही.

खोट आहे ती एका जनुकात. या जनुकाचं नाव मेटर. आजच्या अधिकृत यादीत त्याची नोंद 'एनएलआरपी५' अशी आहे आणि ज्या कुटुंबात ती आहे, ते कुटुंब ओळखलं जातं शरीरात दाह पेटवण्यासाठी. जखमेभोवती सूज येणं, ताप चढणं, गाउटमध्ये अंगठा लालभडक होणं, या सगळ्यामागे याच कुटुंबातली भावंडं असतात. मग दाहाच्या घराण्यातलं एक जनुक अंडपेशीत काय करतं? आणि ते नसलं तर गर्भ दोन पेशींवरच का अडतो?

सापडलं कसं?

गोष्ट सुरू होते १९६९ मध्ये, जपानमध्ये. निशिझुका आणि साकाकुरा या दोन संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांची थायमस ग्रंथी काढून पाहिली. थायमस म्हणजे छातीच्या हाडामागची छोटी ग्रंथी. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तिथं तयार होतात आणि 'आपलं कोण, परकं कोण' याचे धडेही तिथंच गिरवतात. तिसऱ्या दिवशी थायमस काढलेल्या माद्या मोठ्या झाल्या तेव्हा त्यांचे अंडाशय खराब झालेले दिसले. सातव्या दिवशी ग्रंथी काढली, तर मात्र असं होत नव्हतं.

पुढे उलगडा झाला की या माद्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंडाशयावर चालून जात होती. शिमोन साकागुची यांनी हाच धागा पुढे नेला आणि शरीराला स्वतःवर हल्ला करण्यापासून आवरणाऱ्या नियंत्रक टी-पेशी शोधल्या. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणखी दोघांसोबत मिळालं ते याच विषयासाठी. पण त्याच प्रयोगाला आणखी एक फाटा फुटला, ज्याची चर्चा फारशी होत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झी-बिन टाँग आणि लॉरेन्स नेल्सन यांना वेगळा प्रश्न पडला होता. अंडाशयावर हल्ला होतो हे ठीक, पण त्यातल्या नेमक्या कुठल्या प्रथिनावर? काही स्त्रियांची पाळी चाळिशीच्या आतच कायमची थांबते. त्यातल्या काहींमध्ये कारण हेच असतं, स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा अंडाशयावरचा हल्ला. लक्ष्य कळलं, तर निदान सोपं होईल असा विचार होता.

त्यांनी थायमस काढलेल्या उंदरिणींच्या रक्तातला सीरम घेतला. त्यात हल्ला करणारी प्रतिपिंडं होती. हा सीरम अंडाशयातल्या प्रथिनांवर सोडला आणि प्रतिपिंडं कशाला चिकटतात ते पाहिलं. चोराला ओळखायला कुत्र्याला वास द्यावा तसा हा प्रकार. प्रतिपिंडं एका प्रथिनाला चिकटली, जे फक्त अंडपेशीत सापडत होतं. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याचं काम काय, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

काम कळलं पुढच्याच वर्षी. जुरियन डीन यांच्यासह या गटाने जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले आणि लेखाच्या सुरुवातीची ती उंदरीण समोर आली. मग जनुकाचं बारसं झालं : मेटर. इंग्रजीत 'गर्भाला लागणारं मातेकडचं प्रतिजन' या अर्थाच्या शब्दांची ती आद्याक्षरं आहेत आणि लॅटिनमध्ये मेटर म्हणजे आई. आपल्या 'मातृ' शब्दाचं ते सख्खं भावंड. संशोधकांना अशी नावं जुळवण्याची हौस असते आणि पुष्कळदा ती ओढूनताणून जुळवलेली असतात. हे मात्र चपखल बसलं.

आईचं जनुक, बाळाचं भवितव्य

शाळेत शिकलेल्या आनुवंशिकतेनुसार प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम चालवते. मेटरच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही.

मेटर नसलेल्या मादीची जोडी अगदी निरोगी नराशी लावली, तर गर्भाला वडिलांकडून एक चांगली प्रत मिळते. तरीही तो दोन पेशींवर थांबतो. उलट करून पाहा. मादीकडे एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत, नराकडेही तसंच. त्यांच्या काही पिल्लांना दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतात, म्हणजे त्या पिल्लांकडे स्वतःचं चालू मेटर अजिबात नाही. ती मात्र ठणठणीत जन्मतात. त्यातले नर पुढे बापही होतात. माद्या मोठ्या झाल्या, की त्यांची अंडी दोन पेशींपुढे जात नाहीत.

म्हणजे गर्भाच्या स्वतःच्या जनुकांना इथं किंमतच नाही. आईने अंडपेशीत काय भरून ठेवलं होतं, यावर सगळं ठरतं. अशा जनुकांना मातृप्रभावी जनुकं म्हणतात. फळमाशीमध्ये ती फार पूर्वीपासून माहीत होती. सस्तन प्राण्यांमध्ये ती सापडायला विसावं शतक संपावं लागलं आणि मेटर हे त्यातल्या अगदी पहिल्या काही जनुकांपैकी एक.

याचं कारण समजायला फलनानंतरचे पहिले काही तास पाहावे लागतात. शुक्राणू अंड्यात शिरला म्हणजे नव्या जीवाची जनुकं लगेच कामाला लागली, असं होत नाही. सुरुवातीला ती झोपलेलीच असतात. तोवरचा संसार आईने दिलेल्या शिदोरीवर चालतो, म्हणजे अंडपेशीत साठवलेली प्रथिनं आणि आरएनए. उंदरात गर्भाची स्वतःची जनुकं जोमाने जागी होतात ती दोन पेशींच्या टप्प्यावर. माणसात हे थोडं उशिरा, चार ते आठ पेशी झाल्यावर घडतं. मेटर नसलेल्या उंदरिणीचा गर्भ नेमका या सांध्यावर अडकतो. त्याच्या पेशींमध्ये नवा आरएनए बनण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसतं. आईची शिदोरी संपत आलेली आणि स्वतःची चूल पेटलेली नाही, अशी ती अवस्था.

जनुकाची बांधणी

मेटर उंदराच्या सातव्या गुणसूत्राच्या एका टोकाजवळ बसलेलं आहे. डीएनएची सुमारे ३२ हजार अक्षरं त्याने व्यापली आहेत. पण ही सगळी अक्षरं प्रथिनाच्या कृतीची नाहीत. जनुकात १५ अर्थपूर्ण तुकडे आहेत, त्यांना एक्झॉन म्हणतात. मधले १४ तुकडे आरएनए तयार होताना कापून टाकले जातात. उरलेल्या मजकुरातून १,१११ अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं. एका अमिनो आम्लाला तीन अक्षरं लागतात, म्हणजे प्रथिनाचा खरा मजकूर ३,३०० अक्षरांच्या आसपास, संपूर्ण जनुकाच्या साधारण दहावा हिस्सा. माणसातलं हेच जनुक १९ व्या गुणसूत्रावर आहे. ते लांबीने जवळपास दुप्पट आहे, पण एक्झॉन तितकेच, १५.

प्रथिनाचे भाग पाहिले की घराणं ओळखू येतं. एनएलआरपी कुटुंबातल्या प्रथिनांचे ढोबळ तीन भाग असतात. पुढे 'पायरिन' नावाचा तुकडा. ग्रीक भाषेत 'पायर' म्हणजे अग्नी. वारंवार ताप आणणाऱ्या एका आनुवंशिक आजाराच्या जनुकावरून हे नाव आलं. दाह पेटवणारी भावंडं याच तुकड्याने पुढच्या प्रथिनांचा हात धरतात. उंदराच्या मेटरमध्ये हा पुढचा भाग घराण्यातल्या इतरांपेक्षा बराच बदललेला आहे. मध्ये 'नाक्ट' हा भाग, जो एटीपीसारखे ऊर्जेचे रेणू पकडतो आणि प्रथिनांना एकमेकांशी जुळायला मदत करतो.

शेवटी ल्युसिन या अमिनो आम्लाने भरलेल्या तुकड्यांची रांग. एकासारखा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि सगळी रांग वाकून घोड्याच्या नालेसारखी दिसते. या नालेच्या वळणात दुसरं प्रथिन येऊन बसू शकतं. या भागाची जनुकातली रचनाही पाहण्यासारखी आहे. एनएलआरपी कुटुंबात या भागातले एक्झॉन बहुतेक एकाच मापाचे, सुमारे १७१ अक्षरांचे असतात. एकच ठसा पुन्हा पुन्हा उमटवावा तसे. उत्क्रांतीत एका तुकड्याच्या नकला होत होत ही रांग लांबली असावी, याची ती खूण.

इथं एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. २००० मध्ये मेटरची रचना प्रसिद्ध झाली तेव्हा 'दाहाचं जनुक' असा शिक्का त्यावर नव्हताच. संशोधकांना त्याच्या नालेसारख्या भागाचं साम्य दिसलं ते डुकरातल्या, आरएनए तोडणाऱ्या विकराला रोखणाऱ्या एका प्रथिनाशी. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या युर्ग चॉप यांच्या गटाने 'इन्फ्लमासोम' ही कल्पना मांडली : पेशीत धोक्याची चाहूल लागली की काही प्रथिनं एकत्र येऊन चाकासारखा संच बांधतात, त्यातून कॅस्पेस-१ हे विकर चालू होतं आणि दाहाचा निरोप रक्तात सुटतो. युरिक ॲसिडच्या खड्यांनी गाउटचा भडका कसा उडतो, हे याच कुटुंबातल्या एनएलआरपी३ वरून समजलं. त्या सुमारास या रचनेची सगळी प्रथिनं एका घरात मोजली गेली आणि मेटरलाही आडनाव मिळालं. आधी काम कळलं होतं, घराणं नंतर जोडलं गेलं. म्हणून नावावरून कामाचा अंदाज बांधणाऱ्यांची इथं हमखास चूक होते. आजवर मेटरचं जे काम सापडलं आहे, त्यात दाह पेटवण्याचा संबंध नाही.

कधी लिहिलं जातं, कधी पुसलं जातं

उंदराच्या अंडाशयात जन्माच्या सुमारास हजारो लहान अंडपेशी निजलेल्या असतात. त्यातल्या थोड्या थोड्या जाग्या होऊन वाढू लागतात. दोन-तीन आठवड्यांत अंडपेशीचा व्यास जवळपास चौपट होऊन ८० मायक्रोमीटरपर्यंत पोहोचतो. व्यास चौपट म्हणजे आकारमान चौसष्टपट. हा काळ साठवणुकीचा. वाळवणं, लोणची, पापड करून पावसाळ्याआधी घर भरून ठेवावं, तशी अंडपेशी स्वतःला भरून घेते.

मेटरचा आरएनए याच वाढीच्या काळात बनतो. अंडपेशीभोवती आधारपेशींचा पहिला थर धरत असतानाच तो दिसू लागतो आणि पाठोपाठ प्रथिनही. वाढ पूर्ण होत आली की अंडपेशी आपली जनुकं वाचायचंच बंद करते. मग अंडं पक्व होऊन बाहेर पडतं. त्या सुमारास मेटरचा आरएनए मोडीत निघतो. फलनानंतर तो जवळपास सापडतच नाही.

प्रथिन मात्र राहतं. एक पेशी, दोन पेशी, चार, आठ, पुढे पोकळ गोळ्यासारख्या ब्लास्टोसिस्टपर्यंत आईने बनवलेलं तेच प्रथिन टिकून असतं. गर्भ ते नव्याने बनवत नाही. पत्र लिहिणारा कागद जाळून टाकतो, पण निरोप पोहोचलेला असतो, तसं काहीसं.

आधारपेशी, यकृत, मेंदू, स्नायू, कुठंच मेटर सहसा मिळत नाही. १९९९ मध्ये ते 'फक्त अंडपेशीतलं' म्हणून ओळखलं गेलं ते यामुळेच. याला पुढे एक अपवाद सापडला, तो शेवटी येईल.

मग ते करतं तरी काय?

पहिला मोठा सुगावा २००८ मध्ये लागला. डीन यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं की मेटर एकटं नसतं. टीएलई६, फ्लोपेड आणि फिलिया या प्रथिनांबरोबर त्याचा एक संच बनतो आणि तो अंडपेशीच्या सालीखाली, परिघाला लागून बसतो. दोन पेशी एकमेकींना जिथं चिकटतात तिथं हा संच नसतो; बाहेरच्या मोकळ्या कडेलाच असतो. फ्लोपेड किंवा टीएलई६ काढलं तरी परिणाम तोच : मादी वांझ, गर्भ सुरुवातीलाच थांबलेला. फिलिया काढलं तर मादी पूर्ण वांझ होत नाही, पण गर्भाच्या पेशींमध्ये गुणसूत्रांची वाटणी चुकते. २०२४ मध्ये या संचाची अणुपातळीवरची रचनाही समोर आली. मेटर, टीएलई६ आणि फ्लोपेड एकमेकांत किती घट्ट गुंतलेले आहेत, ते त्यात दिसलं. एक काढलं की बाकीचे का कोसळतात, हे त्या चित्रावरून पटतं.

दुसरा सुगावा जुन्या छायाचित्रांमध्ये दडलेला होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीत जाळीदार धाग्यांचे पुंजके दिसतात. ते १९६० च्या दशकापासून माहीत होते, पण ते कशासाठी हे कळत नव्हतं. मेटर कमी असलेल्या अंडपेशीत ही जाळी नीट तयार होत नाही, हे २०१० मध्ये दिसलं. २०२३ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत मेलिना शुह यांच्या गटाने दाखवलं की ही जाळी म्हणजे प्रथिनांची मांडणी आहे. स्वयंपाकघरात भिंतीला लावलेली डब्यांची मांडणी असते ना, तशी. गर्भाला पुढे लागणारी प्रथिनं या धाग्यांवर रचून ठेवलेली असतात. तिथं ती तुटत नाहीत, वाया जात नाहीत. मेटरचा संच या मांडणीचा भाग आहे. मांडणीच नसेल तर डबे ठेवणार कुठं? साठवलेली प्रथिनं नष्ट होतात आणि फलन झाल्यावर गर्भाच्या हाती काही उरत नाही.

मेटर कमी पडल्याचे इतर परिणामही नोंदले गेले आहेत. अंडपेशीतले मायटोकॉन्ड्रिया म्हणजे ऊर्जाघरं बेताल होतात, कॅल्शियमचं गणित बिघडतं. यातलं मूळ कारण कुठलं आणि मांडणी कोसळल्याचा परिणाम कुठला, हे वेगळं काढणं सोपं नाही.

माणसांपर्यंत

वंध्यत्वाच्या उपचारात काही जोडप्यांच्या वाट्याला एक विचित्र अनुभव येतो. तपासण्या ठीक असतात, अंडी मिळतात, प्रयोगशाळेत फलन होतं आणि प्रत्येक वेळी सगळे गर्भ काही पेशींवरच थांबतात. पुन्हा पैसे, पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा तोच निरोप. बहुतेकदा कारणं वेगळी असतात आणि वाढतं वय हे त्यातलं मोठं. पण काही स्त्रियांमध्ये कारण याच संचातल्या जनुकांच्या दोन्ही प्रतींतला बिघाड असल्याचं गेल्या दहा वर्षांत दिसलं आहे. २०१५ मध्ये टीएलई६ बाबत ते समोर आलं आणि पुढे माणसातल्या मेटरबाबतही. अशा वेळी तोच उपचार तसाच पुन्हा करण्यात फारसा अर्थ नसतो. अडचण अंडपेशीच्या साठवणुकीत असल्याने दुसऱ्या स्त्रीची अंडपेशी वापरण्याचा पर्याय डॉक्टर मांडतात. हे ऐकणं कुणालाही जड जातं, पण सातव्या-आठव्या खेपेनंतर ऐकण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. असा बिघाड पुरुषांतून न कळत पुढे जाऊ शकतो, कारण त्यांच्यात त्याचं काहीच लक्षण दिसत नाही.

बिघाड अर्धवट असेल तर गोष्ट आणखी वेगळी होते. २०१५ मध्येच काही मातांच्या एनएलआरपी५ मधल्या बदलांचा संबंध त्यांच्या मुलांमधल्या 'छाप' बिघाडाशी जोडला गेला. काही जनुकांवर 'ही आईकडची, ही वडिलांकडची' अशी रासायनिक खूण असते. ती पुसली गेली तर बाळाची वाढ बेसुमार होणं किंवा खुंटणं असे विकार होतात. आता जाळीवर साठवलेल्या प्रथिनांच्या यादीत यूएचआरएफ१ हे नाव आहे आणि या खुणा टिकवण्यात त्याचा हात असतो. दोन्ही धागे इथं जुळताना दिसतात.

याच घराण्यातलं एनएलआरपी७ माणसात आहे, उंदरात नाही. त्यातल्या बिघाडाने काही स्त्रियांना पुन्हा पुन्हा द्राक्षगर्भ राहतो. गर्भाशयात बाळाऐवजी द्राक्षांच्या घोसासारख्या फुग्यांची वाढ होते. २००६ मध्ये हा संबंध सापडला. या स्त्रियांना दात्या अंडपेशीतून निरोगी मूल झाल्याच्या नोंदी आहेत.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करायला हवी. 'दाह कमी करा, अंडपेशींचा दर्जा वाढवा' अशा जाहिराती सध्या मोबाईलवर भरपूर फिरतात आणि त्यात अधूनमधून जनुकांची नावंही पेरलेली असतात. मेटरच्या बिघाडाला हळद, काढा किंवा कुठलीही पावडर लागू पडत नाही. कारण तिथं दाह नसतोच, एक प्रथिन नसतं.

आणि तो अपवाद

एपीएस-१ नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात थायमसमधलं 'आपलं-परकं'चं शिक्षणच बिघडतं आणि प्रतिकारशक्ती शरीराच्या अनेक ग्रंथींवर हल्ला करते. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी त्यात हमखास सापडतात. रक्तातलं कॅल्शियम घसरतं, हातापायांना पेटके येतात. या ग्रंथींमधलं लक्ष्य कोणतं, याचा शोध बरीच वर्षं चालू होता. २००८ मध्ये उत्तर मिळालं : एनएलआरपी५. आजारामुळे पॅराथायरॉइड निकामी झालेल्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं होती. अंडपेशीतलं हे प्रथिन पॅराथायरॉइडमध्येही बनतं, हे त्यातून कळलं.

थायमस काढलेल्या उंदरिणींच्या रक्तात जे प्रथिन प्रतिपिंडांचं लक्ष्य म्हणून सापडलं होतं, तेच थायमस बिघडलेल्या माणसांच्या रक्तातही निघालं. पॅराथायरॉइडमध्ये ते काय काम करतं, याचा मात्र अंडपेशीतल्या कामाइतका उलगडा झालेला नाही.